डबा मिरजेहून, फुलं तिथलीच

प्रिय ताई,

मी मिरजेची. मुलगा-सून सहा वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टला आहेत. नात चार वर्षांची. गेल्या दिवाळीला मी साडेसहा किलो फराळ पाठवला. लाडू, चकल्या, चिवडा, भडंग, पेढे आणि घरच्या तुपाची बरणी. डबा तिथल्या कस्टमने अडवला, मुलाला अर्धा दिवस रजा टाकून सोडवायला जावं लागलं. तूप आणि पेढे त्यांनी ठेवून घेतले, चकल्यांचा भुगा झाला होता. सून फोनवर म्हणाली, "आई, इथे सगळं मिळतं, कशाला एवढा खर्च?" पाडव्याला एका वेबसाइटवरून फुलं पाठवली, तर पोचली पांढरी शेवंती. शेजारच्या आजींनी सुनेला विचारलं म्हणे, घरात कोणी गेलं का? यंदा पाठवू की नको? पाठवायचं तर काय? नणंद दुबईला असते, तिलाही तसाच डबा द्यायचा विचार आहे.

— एक वाचक, मिरज

काकू,

पाठवा. पण गेल्या वर्षीचा डबा पुन्हा पाठवू नका.

आधी सुनेचं बोलणं घेते, कारण तुमचं पत्र त्याच एका वाक्यापाशी अडलंय असं मला वाटतं. तुम्ही ऐकलंत "नको". मला त्यात "यांना अर्धा दिवस रजा टाकावी लागली" एवढंच ऐकू आलं. जर्मनीत पार्सलच्या कागदांत काही कमी असलं की घरी पत्र येतं: अमुक कस्टम कार्यालयात या, बिलं घेऊन या. मग तिथे जाऊन टेबलावर अधिकाऱ्यासमोर डबा उघडायचा आणि एकेक पुडी काय आहे ते जर्मनमध्ये सांगायचं. बेसनाच्या लाडवाला जर्मनमध्ये काय म्हणतात हो? तुमच्या मुलाने काहीतरी जुळवून सांगितलं असणार. डब्याचा खरा खर्च पोस्टाच्या पावतीवर छापलेला नसतो, तो हा असतो. तो टळला की सुनेचं म्हणणं निम्मं विरघळेल.

उरलेल्या निम्म्यात ती बरोबर आहे. श्टुटगार्टसारख्या शहरात भारतीय दुकानांतून पोहे, चुरमुरे, बेसन, रवा, हल्दीरामची शेव सगळं मिळतं. म्हणून चिवडा आणि भडंग यंदा डब्यातून काढा. सांगली-मिरजेच्या बाईला भडंग काढ म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं, पण हिशेब ऐका. कुरियरवाले नुसतं वजन धरत नाहीत, खोक्याचं आकारमानही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायची, येईल तो आकडा किलो. तीस बाय तीस बाय तीसचं खोकं भडंगाने गच्च भरलंत तरी काट्यावर दोन किलो दाखवेल, पैसे मात्र ५.४ किलोचे जातील. म्हणजे तुम्ही हवा जर्मनीला धाडताय. त्याच खोक्यात लाडू भरलेत तर पैसे हवेचे नाही, लाडवांच्या खऱ्या वजनाचे जातात. तेव्हा भडंगाचा तयार मसाला, लसूण घालून केलेला, अर्धा किलो पाठवा. चुरमुरे तो तिथले घेईल. तिथले चुरमुरे आपल्या चुरमुऱ्यांचे सावत्र भाऊ असतात, पण मसाला तुमचा असला तर खपून जातात.

आता तूप आणि पेढे. भारतासारख्या देशांतून दूध आणि दुधाचे पदार्थ खासगी पार्सलने आणायला युरोपीय संघाची बंदी आहे. तूप, खवा, पेढे, पनीर, खव्याच्या करंज्या, सगळं त्यात आलं. केक, बिस्किटं, चॉकलेट, मिठाई यांना सूट आहे, मुख्य अट ही की त्यात मांस नको. रव्याचे-बेसनाचे लाडू आणि शंकरपाळी या सुटीत बसतात. पेढा ही मिठाईच की, असं तुम्ही म्हणाल. पण पेढा म्हणजे आटवलेलं दूध, आणि खिडकीपलीकडच्या माणसाशी त्यावर वाद घालण्यात काही हशील नाही.

हा कडकपणा उगाच नाही. कारण आहे लाळ-खुरकूत, गावाकडे दावणीला जनावर असलेल्या कुणालाही हे नाव सांगावं लागत नाही. दुधा-मांसातून हा रोग देशोदेशी जातो. २०२५ च्या जानेवारीत बर्लिनजवळच्या एका कळपात तो सापडला, १९८८ नंतर जर्मनीत पहिल्यांदा. आणि कळप कसला, तर म्हशींचा! मिरजेच्या तुपाची बरणी त्याच वर्षी तिथे पोचली. अधिकाऱ्याने ती हसत सोडली असती तरच नवल.

खवटपणाचंही बघा. ओल्या नारळाचं काहीही नको. पहिल्यांदा मी लेस्टरच्या मावसबहिणीला नारळाच्या वड्या पाठवल्या होत्या. तिने फोनवर खूप कौतुक केलं. दोन वर्षांनी मेहुण्यांनी सांगितलं की डबा उघडला तेव्हा आधी खिडकी उघडावी लागली होती. सुकं खोबरंही बेतानेच, तेही आधी मंद भाजून. बेसन खमंग भाजलेलं असलं, साखर कोरडी असली आणि लाडू पूर्ण गार झाल्यावर भरला, तर तीन आठवडे त्याला काही होत नाही. पाकातले रव्याचे लाडूही तसेच. घाईत कोमट लाडू डब्यात भरून झाकण लावलं, की आत घाम धरतो आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. रात्रभर ताटात उघडे राहू द्या, वर नुसता पातळ पंचा टाका.

चकल्यांचा भुगा झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांच्याच होतात. तरी पाठवायच्याच असतील तर बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा घ्या, चकल्या आडव्या न पसरता नाण्यांसारख्या चळतीत लावा, चळतींमधल्या फटी चुरमुऱ्यांनी ठासून भरा. डबा कानाशी धरून हलवा. आतून खळखळ आली की अजून चुरमुरे. माझं मत विचाराल तर चकलीऐवजी कडबोळी करा, ती टणक असतात आणि विमानतळावरची आपटाआपट सोसतात.

किंवा भाजणी पाठवा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त रस इथे वाटला. सून म्हणते सगळं मिळतं, पण तुमच्या प्रमाणाची भाजणी श्टुटगार्टला मिळत नाही. पाकिटातली मिळते, ती उडदाला कंजूष असते. तुम्ही तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ वेगवेगळी भाजून, धणे-जिरे घालून गिरणीतून आणता तिला वास असतो. दोन किलो भाजणीला जागा फार लागत नाही, मोडण्याचा प्रश्नच नाही. सोबत सोऱ्याची पितळी चकती द्या, तिथल्या घरात सोऱ्या असलाच तर चकती हरवलेली असते, हा माझा अनुभव. आणि पाण्याचं प्रमाण, मोहन किती, हे व्हॉट्सअॅपवर नको, कागदावर लिहून द्या. सुनेला आधी विचारा मात्र. नोकरी, चार वर्षांचं मूल आणि वर तेलाची कढई, हे तिला झेपणार आहे का ते तिलाच माहीत. नको म्हणाली तर भाजणी काढून लाडू वाढवा, रुसू नका.

डब्यावरचे कागद. इथे बहुतेक घोळ होतो. मुख्य टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवणार असाल तर कस्टमचा फॉर्म भरावा लागतो, सीएन २२ किंवा सीएन २३. ओळखपत्राची प्रत न्या. फॉर्मवर "फूड आयटम्स" किंवा "दिवाळी फराळ" एवढंच लिहून काम भागत नाही. विमान युरोपात उतरायच्या आधीच ही यादी तिकडच्या संगणकात जाते, आणि मोघम शब्द दिसला की डबा बाजूला पडतो. एकेक पदार्थ साध्या इंग्रजीत लिहा: भाजलेल्या बेसनाची मिठाई, तळलेले गव्हाचे गोड तुकडे, भाजलेलं डाळ-तांदळाचं पीठ. पुढे वजन, पुढे किंमत. याच ओळी छापून प्रत्येक पुडीवर आतही चिकटवा. उटणं पाठवत असाल तर कंपनीच्या बंद पाकिटातच. करड्या रंगाची भुकटी, साधी पिशवी, वर रबरबँड, नाव नाही, हे तुमच्या-माझ्यासाठी अभ्यंगस्नान आहे, कस्टमवाल्यासाठी ती वेगळीच गोष्ट आहे. अत्तर, काडेपेटी आणि नातीसाठी फुलबाज्या अजिबात नको, विमानातून त्या जात नाहीत.

किंमत खरी लिहा. खासगी माणसाने खासगी माणसाला दिलेली भेट ४५ युरोपर्यंत असेल तर जर्मनीत कर लागत नाही, म्हणजे आपले साधारण साडेचार-पाच हजार रुपये. फॉर्मवर "गिफ्ट" असा रकाना असतो, तिथे खूण करा. घरचं सामान, तेल, गॅस धरून तुमचा डबा या मर्यादेत आरामात बसेल. दहा रुपये लिहिलेत तर उलट संशय येतो आणि मग बिलं मागवतात. एक बारीक मेख आहे: तुम्ही दुकानदाराला पैसे दिलेत आणि दुकानाने स्वतःच्या नावाने थेट जर्मनीला डबा पाठवला, तर ती खासगी भेट राहत नाही, विक्री ठरते. २०२१ च्या जुलैपासून युरोपात अशा विक्रीवर पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो, शिवाय डिलिव्हरी करणारा हाताळणीचे पैसे लावतो. ते पैसे दारात तुमच्या मुलाकडून घेतात, आणि सून पुन्हा म्हणते कशाला एवढा खर्च. तयार फराळ घ्यायचाच असेल तर घरी आणा, आपल्या हाताने भरा, आपल्या नावाने पाठवा.

पत्त्याचं विचारलं नाहीत, पण सांगते. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन दारावरच्या बेलजवळचं आडनाव वाचतो. सुनेने माहेरचं आडनाव ठेवलं असेल आणि बेलवर फक्त तेच असेल, तर तुमच्या मुलाच्या नावाचा डबा त्या घराला ओळखणार नाही. फोनवर विचारा, "बेलवर काय लिहिलंय?" आणि तेच अक्षरन् अक्षर डब्यावर उतरवा. फोन नंबर आणि ई-मेलही हवा. घरी कोणी नसलं तर डबा शेजाऱ्यांकडे ठेवतात. त्या शेजारच्या आजी असतील, तर आतला एक लाडू त्यांच्यासाठी वेगळा बांधा. गेल्या वर्षी त्यांना वाटलं होतं तुमच्याकडे कोणी गेलं, यंदा निदान त्यांचं तोंड गोड होऊ दे.

वेळ. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दसरा २० ऑक्टोबरला. नवरात्रात सोऱ्या बाहेर काढायला कोणाचाच हात धजावत नाही, आणि गरजही नाही. दसरा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डबा पोस्टात पडू द्या. हाताशी सतरा-अठरा दिवस राहतात. त्यात कस्टमचे दोन-चार दिवस गेले तरी वसुबारसेच्या आत तो घरात असतो आणि लाडू शिळा वाटत नाही.

आता फुलं. मिरजेहून फुलं पाठवायचा विचार मनात असेल तर काढून टाका. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक रोपाला, ताज्या फळाला आणि तोडलेल्या फुलाला वनस्पती आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, गजऱ्यालाही. पाच फळं तेवढी सुटली आहेत: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ सुटलाय हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. तरी पाठवू नका हो, वजन बघा.

फुलं तिथलीच घ्यायची. दूरच्या गावी फुलं पोचवायची ही रीत जर्मनांनीच बसवली म्हणायला हरकत नाही. १९०८ साली बर्लिनच्या माक्स ह्यूबनर नावाच्या फुलवाल्याने गावोगावच्या फुलवाल्यांची संघटना बांधली. इथे पैसे घ्यायचे, निरोप धाडायचा, तिकडच्या दुकानदाराने ताजी फुलं बांधून दारात द्यायची. आजची फ्लोरॉप ती हीच. तेव्हा भारतातल्या दोन-तीन दलालांमधून जाण्यापेक्षा थेट तिथल्या दुकानाकडे मागणी नोंदवा, मुलाला नाही सांगायचं तर त्याच्या एखाद्या मित्राकडून नोंदवून घ्या.

शेवंतीचं काय झालं ते आता सांगते, म्हणजे त्या वेबसाइटवरचा तुमचा राग थोडा कमी होईल. १ नोव्हेंबर हा तिकडे सर्व संतांचा दिवस. कॅथलिक लोक कबरीवर जाऊन दिवा लावतात, फुलं ठेवतात, आणि फूल ठरलेलं: शेवंती. जर्मनीत, फ्रान्समध्ये, इटलीत तसंच. त्यामुळे ऑक्टोबर लागला की दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्या रांगेने लागतात, आपल्याकडे दसऱ्याला झेंडू लागतो तशा. स्वस्त, ताजी, भरपूर. तुमच्या मागणीत "पांढरी, सात्त्विक फुलं" असं काही लिहिलं होतं का हो? दुकानदाराने नोव्हेंबरच्या तोंडावर पांढरं मागणाऱ्या माणसाला जे द्यावं ते दिलं. सोलापूरच्या, नगरच्या शेवंतीने आपण देव्हारा भरतो, तीच तिथे स्मशानाची. फुलाला कुठे माहीत असतं!

यंदा मागणी देताना स्पष्ट लिहा: शेवंती नको, पांढरं नको, केशरी आणि पिवळं हवं. नोव्हेंबरात झेंडू तिथे थंडीने मेलेला असतो. केशरी जरबेरा मागा, पिवळे गुलाब चालतील. लाल गुलाबांचा गुच्छ सासूने सुनेला पाठवू नये, एवढं तरी दोन्ही देशांत सारखंच आहे. चिठ्ठी रोमन लिपीत लिहा, पण मराठीत. आणि तारीख नीट बघा. लक्ष्मीपूजन रविवारी आलंय. जर्मनीत रविवारी बाजार बंद, पार्सल येत नाही, मोठ्याने ड्रिल मशीन लावलं तरी शेजारी तक्रार करतात. फुलं शनिवारी, ७ तारखेला पोचतील अशी सांगा.

दुबईच्या नणंदेचं थोडक्यात. तिला तोच डबा नको. तुमच्या अनारशावर आणि करंजीच्या सारणात खसखस असणार. जर्मनीत तिचे केक करतात, पण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरलाही. आपल्या वाण्याकडची पन्नास ग्रॅमची पुडी तिथे अमली पदार्थांच्या यादीत जाते. कोणी हौसेने "मी जातोच आहे, द्या अनारसे" म्हणाला, तरी त्याच्या बॅगेत देऊ नका, अडकेल तो बिचारा. नणंदेला फराळाची तशी कमी नाही, तिथल्या बर दुबई भागातल्या मीना बाजारात जे मिळत नाही ते आपल्याकडेही शोधावं लागतं. झेंडूच्या माळा तिला तिथेच मिळतील. तिला सांगलीचे बेदाणे पाठवा आणि भाऊबीजेला तिच्या भावाला फोन करायला लावा. भावाला म्हणजे तुमच्या यजमानांना, काकू, तुम्ही करू नका.

एक वस्तू राहिली, पत्रात नव्हती. नात चार वर्षांची आहे म्हणालात. यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरला आली आहे. त्याच तारखेला जर्मनीत सेंट मार्टिनचा दिवस असतो. बालवाडीतली पोरं संध्याकाळी काठीला कागदी कंदील अडकवून, गाणी म्हणत रस्त्याने रांगेत जातात. कंदील बहुधा शाळेतच, मुलांच्या हातून करून घेतात. तुम्ही एक छोटा षटकोनी आकाशकंदील करा, केशरी पतंगी कागदाचा, झिरमिळ्या लावून, पण काड्या न घालता. कागद घडीने सपाट होतो, लाडवांच्या डब्याच्या झाकणाखाली बसतो आणि वजन भरत नाही. घड्या कुठे पाडायच्या तिथे पेन्सिलीने आकडे घाला. काड्या मुलगा तिथल्या घेईल. दिवा बॅटरीचा लावायला सांगा.